वावराचा फोटो

अख्ख्या औरंगाबादेत दुसऱ्याच्या चपलांवर आमच्या साडूंइतकं निर्मळ प्रेम करणारा माणूस झाला नाही, आणि आता होईलसं वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं पेंटर. शहागंजात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मध्ये उरलेली फट. त्या फटीत बसून ते गाड्यांचे नंबर, डॉक्टरांच्या पाट्या आणि 'येथे थुंकू नये' अशा सूचना रंगवत. पण ते पोटापुरतं. त्यांचा खरा जीव मातीत. दारात कुणी आलं की साडूंची नजर आधी त्याच्या पायांकडे जायची. टाचेला चिकटलेली माती बघून ते म्हणायचे, "काय, कन्नडकडनं आलाव जणू? घाटाखालून?" आणि तो माणूस खरंच घाटाखालून आलेला असायचा. नाव विचारायचं त्यांना बरेचदा राहूनच जायचं.

लग्नाला गेले की साडू मांडवात कमी आणि मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगाऱ्यात जास्त. खिशात काडेपेटी आणि वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे. काडीनं एकेका तळव्याची माती खरवडायची, पुडी बांधायची, वर पेन्सिलीनं गाव लिहायचं. छावणीतल्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकानं त्यांना चपलाचोर म्हणून कॉलरला धरून उभं केलं. त्याच वेळी मी मांडवात पहिल्या रांगेत, 'साहेब' म्हणून ओळख करून दिलेला, गुलाबपाणी अंगावर घेऊन बसलो होतो. काकांनी साडूंना ओढत माझ्यासमोर आणलं आणि विचारलं, "हा म्हणतोय, तुमचा माणूस हाय. व्हय का?" मी साडूंकडे पाहिलं. मांडवाकडे पाहिलं. आणि म्हणालो, "कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय." साडू रागावले नाहीत. खाली वाकून त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि काकांना म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. ह्यांच्या चपलेला वर्षात वावराची माती लागलेली नाय. नुसतं डांबर हाय. वळखतील कसं?"

हे मला लागायचं कारण असं की, माती हा खरं तर माझा विषय. मी बी.एस्सी. होतो आणि माती तपासणीच्या सरकारी कार्यालयात नोकरीला होतो. शेतकरी अर्धा-अर्धा किलो माती कापडी पिशवीतून घेऊन यायचे. मी ती चाळायचो, काचेच्या नळीत हलवायचो आणि तिच्यात काय कमी आहे ते छापील कागदावर भरून द्यायचो. साडू मला 'परीक्षक' म्हणायचे. त्यांचं शिक्षण चौथी. आमचं दोघांचंही कूळ मेंढपाळांचं. माझ्या वडिलांनी मेंढरं सोडून शेंद्र्याच्या अलीकडे थोडं वावर केलं; साडूंच्या वडिलांनी शेवटपर्यंत काठी सोडली नाही. उन्हाळ्यात शेतकरी अशा कळपांना बोलावून आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे, म्हणजे लेंडीखतानं जमीन धष्टपुष्ट व्हायची. आमच्या वावरात दर साली साडूंच्या वडिलांचाच कळप बसायचा. किती दिवस बसवायचा ते साडूंचे वडील मातीचं ढेकूळ जिभेला लावून सांगायचे. ही विद्या साडूंकडे आली. माझ्याकडे काचेची नळी आली.

त्यांच्या घरात गावोगावच्या मात्या हॉर्लिक्सच्या बाटल्यांत भरून फळीवर मांडलेल्या असत, आणि फळी स्वयंपाकघरात, कारण दुसरी फळी नव्हती. एकदा अक्का, म्हणजे माझी मेहुणी, माहेरी गेलेली असताना साडूंनी मला जेवायला बोलावलं. आमटी त्यांनी स्वतः केली होती. मी दोनदा वाढून घेतली आणि जाणकारासारखी मान हलवत म्हणालो, "मसाला घरचा दिसतोय. रंग काय सुरेख आलाय!" साडू खूश झाले, उठून फळीकडे गेले आणि एक बाटली उजेडात धरून उभेच राहिले. "पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "तिखटाची बाटली तर भरलेली हाय. कन्नड निम्मं संपलं की वो!" त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या नात्यात मातीची तपासणी म्हटलं की लोक माझ्याकडे बघून पोटावरून हात फिरवायचे.

आता त्यांच्या फोटोंबद्दल सांगतो. खरं म्हणजे ती चित्रं, पण साडू त्यांना फोटोच म्हणत. ते दिवस कारखान्यांचे होते. आधी चिकलठाणा, मग वाळूज. आज जिथं तूर उभी आहे तिथं उद्या कुंपण आणि परवा भोंगा. ज्यांची वावरं गेली त्यांतला एक म्हातारा साडूंकडे आला आणि म्हणाला, "माझ्या बापाचा फोटो हाय घरात, आज्याचा हाय. वावराचा नाय. काढून देता का?" तेव्हापासून साडू हे काम करू लागले. अट एकच: चित्र त्याच वावराच्या मातीनं निघणार. माती पाण्यात कालवून मडक्यात निवळत ठेवायची, वरची साय काढायची, तिच्यात बाभळीचा डिंक घालायचा. कुंचला मेंढीच्या केसांचा, स्वतः बांधलेला. काळ्या मातीतच किती काळे आहेत हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी त्या कागदांवर कळलं.

त्या म्हाताऱ्याचा मुलगा आपल्याच जुन्या वावरावर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. त्यानं आतून ओंजळभर माती आणून दिली. चित्र झालं, म्हातारा बघायला आला. मी दुकानात होतो. मला वाटलं, आता हा रडणार. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, नाक कागदाला लावलं आणि कडाडला, "उतार उलटा काढला की रं! पाणी सारं वरच्या बांधाला मारतंय. हे असं ठिवलं तर माझा बांध फुटंल!" साडूंनी कान पकडले. तीन दिवस म्हातारा शेजारी बसून सांगत होता आणि साडू उतार दुरुस्त करत होते. चौथ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "आता पाऊस येऊ दे, हरकत नाय." फ्रेमवाल्यानं रिवाजाप्रमाणे वर हार लटकवला होता, तो मात्र त्यानं उतरवला. "वावर मेलं नाय," तो म्हणाला, "नुस्तं माझं राहिलं नाय."

प्रत्येक फोटोखाली साडू त्यांच्या पाटीच्या अक्षरात एक ओळ लिहीत, 'माती : अमुक अमुक यांच्याकडून'. माती ज्यानं आणून दिली त्याचं नाव. सात-बारा कुणाच्या नावावर होता याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. या ओळीचं मला त्या वेळी कौतुक वाटायचं. कौतुक वाटायचं ते दिवस गेले.

त्याच वर्षांत नामांतराचं चाललं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावर सारा मराठवाडा दोन बाजूंना उभा होता, आणि दोन्ही बाजूंना फलक लागत. दोघंही साडूंकडे यायचे, कारण शहागंजात त्यांच्याइतकं ठसठशीत अक्षर कुणाचं नव्हतं. नाव द्या म्हणणाऱ्यांचे फलक साडूंनी ऑइलपेंटमध्ये रंगवले, पैसे विचारले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पुढच्या टायमाला." तो पुढचा टाइम कधी आला नाही. विरोध करणाऱ्यांचे फलकही रंगवले, तितक्याच ठसठशीत अक्षरात, पण मातीच्या रंगात आणि डिंक न घालता. मोर्चा निघाला, पैठण गेटापाशी सर आली, आणि फलकांवरून सगळा विरोध ओघळून लोकांच्या पांढऱ्या शर्टांवर आला. चार जण तावातावानं दुकानाशी आले. साडू शांतपणे म्हणाले, "देशी रंग हाय भाऊ. मातीचा. मातीलाच पटलं नसंल तर मी काय करू?" दुकानाची पाटी फुटली. साडूंनी दुसऱ्या दिवशी नवी लावली.

मी काय करत होतो? मी कार्यालयात होतो. आमच्या वावरात वडिलांच्या काळापासून कौसाबाई नावाची बाई राबायची. निंदणी, खुरपणी, वेचणी, सगळं तिच्या हातचं. नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव पेटलं, त्यात आमच्या गावातही तिच्या वस्तीवरची घरं जळाली. कौसाबाई पोरांना घेऊन शहरात आली. मी पेपर वाचला, "फार वाईट झालं" असं म्हणालो आणि डबा उघडला. ती कुठं उतरली, काय खाते, हे साडूंनी हुडकून काढलं. त्यांनी मला दोनदा सांगितलं, "जाऊन येऊ एकडाव." मी दोन्ही वेळा म्हणालो, "या रविवारी नको."

आणि मग मी घर बांधायला काढलं. सिडकोत प्लॉट मिळाला होता. तेव्हा शहर इतक्या वेगानं वाढत होतं की वीट मिळायची मारामार. एक वीटभट्टीवाला माझ्याकडे आला. साखरेसारखा गोड माणूस. "साहेब, विटा मी देतो, तुमी माती द्या. पैशाचा सवालच नाय. वरची वीतभर तर काढायची. वावर सपाट हुईल, पाणी धरंल. खाली पुन्हा वावरच हाय की!" माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीवर मोठा फलक होता: 'इंचभर माती घडायला शेकडो वर्षे लागतात.' साडूंनीच रंगवलेला, ऑइलपेंटमध्ये. त्या फलकाखाली बसून, दिवसातून चार शेतकऱ्यांना तो वाचून दाखवणारा मी बी.एस्सी. माणूस म्हणालो, "वीतभर ना? मग काय हरकत आहे."

त्यानं हातभर काढली. मी बघायला जाणार होतो, पण त्या आठवड्यात माझं एका शिबिरात 'आपली जमीन, आपली जबाबदारी' या विषयावर भाषण होतं. नंतर गेलो तेव्हा खाली मुरूम चमकत होता आणि वावर बांधापासून खाली, तळं आटल्यासारखं. बटईनं करणारा माझा चुलतभाऊ बांधावर उकिडवा बसला होता. "दादा, आता हितं काय पेरू? खडी?" असं म्हणून तो वाळूजच्या एका कंपनीत लागला. बायकोला मी सांगितलं की वावराचं सपाटीकरण करून घेतलं. 'सपाटीकरण' हा शब्द सरकारी असल्यामुळे तिनं पुढं काही विचारलं नाही. घर उभं राहिलं. प्लास्टर व्हायच्या आधी साडू आले, भिंतीपाशी उभे राहिले, बोटानं विटेचा कोपरा खरवडला आणि जिभेला लावला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "वीट चांगली हाय." एवढंच. बायकोनं घराचं नाव 'शिवार' ठेवलं. पाटी साडूंनीच रंगवली. येता-जाता तिच्याकडे बघायचं मी टाळायला लागलो.

खरी पंचाईत नवरात्रात झाली. आमच्यात घटाला स्वतःच्या वावराचीच माती लागते. पत्रावळीवर माती पसरायची, तिच्यात नऊ धान्यं पेरायची, मधोमध पाण्याचं मडकं ठेवायचं. नऊ दिवसांत कोंब हिरवेगच्च आले की बायका एकमेकींच्या घरी जाऊन बघतात, आणि दसऱ्याला ते कोंब टोपीत खोवून पुरुष मंडळी मिरवतात. बायको म्हणाली, "आवं, वावरातली पिशवीभर माती आणा." मी पिशवी घेऊन गेलो. कुदळ मारली तर खण्णकन वाजली. परत येताना रिकामी पिशवी हातात घेऊन मी थेट कार्यालयाच्या मागच्या अंगणात गेलो. तिथं तपासून झालेल्या नमुन्यांचा ढीग असायचा. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी पिशवी भरली.

असा घट आला म्हणता! सगळ्या लायनीत कुणाचा नव्हता. शेजारणी तोंडात बोटं घालायच्या आणि बायको म्हणायची, "आमच्या वावराची मातीच तशी हाय बाई." मी आत जाऊन पाणी प्यायचो. दसऱ्याला साडू सोनं द्यायला आले, घटापुढे वाकले, चिमूट उचलली. त्यांनी चिमूट जिभेला लावली, डोळे मिटले आणि किती तरी वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "सुमनबाई, घट लई झ्याक आलाय. जिल्हाभर पाऊस झाल्यावानी." बायको हसली. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा चालता चालता साडू सहज बोलल्यासारखे बोलले, "वैजापूरची चुनखडीची हाय. पैठणचा गाळ हाय. सोयगावची कपाशीची बी हाय. पाव्हणं, तुमचं वावर लई पसरलंय की वो!"

मला वाटलं, हा माणूस आता अक्काला सांगणार, अक्का बायकोला सांगणार. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्याचा परिणाम असा झाला की मी पुढच्या वर्षीही तेच केलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. दर दसऱ्याला साडू यायचे, चिमूट चाखायचे आणि बायकोसमोर मला विचारायचे, "यंदा गंगापूरकडं जरा जास्त नांगरट झाली व्हय?" बायकोला वाटायचं, दोघा साडूंचा काहीतरी विनोद आहे. मध्ये तिनं हट्टच धरला, दाजींनी सगळ्या जगाच्या वावरांचे फोटो काढले, आपल्या वावराचा का नाही? साडू म्हणाले, "काढू की. पाव्हण्यांनी माती आणून दिली की काढू." त्यावर मी म्हणालो, "या रविवारी नको."

अशी वर्षं गेली. मग एका संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. साडूंनी दुकान बंद ठेवलं आणि पेढे वाटले. त्याच वर्षी नवरात्राच्या तोंडावर आमच्या कार्यालयाच्या मागच्या अंगणाची दुरुस्ती निघाली. मी पिशवी घेऊन गेलो तर ढीग गायब आणि अंगणभर ओलं सिमेंट. मी तसाच शहागंजात गेलो. साडू एका रिक्षाचा नंबर घालत होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमच्या एखाद्या बाटलीतली काळी माती द्या. कुठलीही चालेल." त्यांनी कुंचला ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न हसता पाहिलं. "कुठलीबी चालंल असं आता बास झालं," ते म्हणाले. "तुमच्या वावराची माती एका घरी हाय. चला."

त्यांच्या लुनावर मागे बसून मी विद्यापीठाच्या पायथ्याच्या वस्तीत गेलो. पत्र्याच्या घराच्या दाराशी कौसाबाई बसली होती. केस पांढरे झाले होते. तिच्या शेजारी गंजलेला डालड्याचा डबा होता, आणि त्यात गवती चहाचं रोप. गाव सोडताना जळक्या घरातून तिनं एवढंच उचललं होतं, पोरं आणि तो डबा. रोप तिनं आमच्याच वावरातली माती भरून लावलं होतं. दुसरी कुठली भरणार? साडू तिला म्हणाले, "मावशी, पाव्हणं तुमच्याकडं आल्यात." आणि मला तिथं एकट्याला सोडून शेजारच्या घरापुढच्या चपला बघायला निघून गेले.

"या भाऊ," कौसाबाई म्हणाली. "लई वर्सांनी वाट घावली." मी तिच्या मुलाची चौकशी केली. तो विद्यापीठात कारकून होता. मी उन्हाबद्दल बोललो. तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो. शेवटी म्हणालो, "कौसाबाई, घटाला जरा माती पाहिजे होती. या डब्यातली."

"ही? ही तर तुमच्याच वावरातली हाय. आन् तिथली कुठं गेली?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी सरळ विचारला नव्हता. "दिली," मी म्हणालो. "भट्टीवाल्याला. घराच्या विटा केल्या."

"वावर इकलं?"

"नाही, वावर आहे."

"माती इकली आन् वावर हाय?" तिनं मला नीट निरखून पाहिलं, आजारी माणसाकडे बघतात तसं. "मंग भाऊ, हाय काय तितं?"

तीच बोलत राहिली, रागानं नाही, नुसतं आठवून आठवून. "तुमच्या बापानं दर साली मेंढ्या बसवल्या. ढेकळं फोडू फोडू माझ्या हाताची सालं गेली. लोण्यावानी झालती माती." माझे डोळे भरून आले, त्यात लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं, कौसाबाई. हेही चुकलं आणि तुमची घरं जळाली तेव्हा मी आलो नाही, तेही चुकलं."

"नाय आलाव," ती म्हणाली. तिनं मला त्यातून सोडवलं नाही, आणि सोडवायचं काही कारणही नव्हतं. थोड्या वेळानं उठली, रोपाची चार पाती खुडली आणि चहा ठेवला. चहा झाल्यावर उलथन्यानं डब्यातली माती काढून तिनं कागदावर ठेवली, अंदाज घेतला, त्यातली थोडी परत डब्यात टाकली. "निम्मी न्या. निम्मी मला पायजे. रोप उघडं पडंल."

घरी आलो तर बायको पत्रावळ मांडून बसली होती. "एवढीशीच?" ती म्हणाली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. भट्टीवाला, मुरूम, कार्यालयाचा ढीग, डालड्याचा डबा. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग इतकी वर्सं मी कुणाच्या वावराच्या पाया पडले?" मी म्हणालो, "जिल्ह्याच्या." पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घट मात्र तिनं बसवला, पत्रावळीऐवजी एका लहानशा द्रोणात. त्यात नऊ धान्यांचे नऊ दाणे. सहाव्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. नऊच्या नऊ वर आले होते.

दसऱ्याला साडू आले. द्रोणातली चिमूट जिभेला लावली आणि या खेपेस डोळे मिटले नाहीत. "आमच्या बापाचा कळप बसलाय ह्यात," ते म्हणाले. घट उठल्यावर ती माती ते रुमालात बांधून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी फोटो आला. माझं वावर, पूर्वीचं. उगवतीकडे उतार, विहीर, बांधावर हिवराचं झाड, कोपऱ्यात बसलेल्या मेंढ्या, आणि मधोमध पाठमोरी, खुरपं घेऊन वाकलेली बाई. खाली ठसठशीत अक्षरात: 'माती : कौसाबाई यांच्याकडून'.

माझा अहंकार अजून पुरता गेला नव्हता. मी म्हणालो, "साडूभाऊ, वावर माझं आहे. मी कुठं तरी असायला पाहिजे ना यात? निदान नाव?" साडू खुर्चीवर चढून खिळा ठोकत होते. तोंडातला दुसरा खिळा न काढता ते म्हणाले, "तुमाला आत घ्यायला जागा नाय, पाव्हणं. तुमी हे काय, भिंतीत हाव की." आणि त्यांनी माझ्याच वावराच्या विटांवर माझं वावर टांगलं.

आता साडू नाहीत. शहागंजातली ती फट आता मोबाइलची कव्हरं विकते. मी निवृत्त झालो. फोटो जागेवर आहे, आणि घरी कुणीही आलं की चहा येईपर्यंत त्याचं लक्ष तिकडे जातं. तो खालची ओळ वाचतो आणि विचारतो, "ही कौसाबाई कोण हो?" मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. साडूंनी ती ओळ लिहिताना हा सगळा हिशेब मनाशी केला असणार, याबद्दल मला शंका नाही. सांगताना मी कधीकधी म्हणतो की भट्टीवाल्यानं वीतभर माती काढली. तेव्हा आतून, भाकरी थापता थापता, बायकोचा आवाज येतो, "हातभर!" मी म्हणतो, हातभर.

पाहुणे गेले की मी दार लावायला जातो. पायपुसण्यावर त्यांच्या चपलांची थोडी माती पडलेली असते. इकडे तिकडे बघून मी तिची चिमूट उचलतो आणि जिभेला लावतो. सगळी नोकरी मातीत गेली माझी, पण ती कुठल्या गावची आहे ते मला आजपर्यंत एकदाही कळलेलं नाही. विचारायला आता कुणी नाही. तरी मी ती पुसून टाकत नाही. फळीवर हॉर्लिक्सची एक बाटली आहे, तिच्यात ठेवतो.